तांब्यावरचं कथील

फेरिक क्लोराइडचा डाग निघत नाही. साबण, सोडा, लिंबू, रॉकेल, सगळं करून पाहिलं. २००७ सालच्या रमजानात अब्बांच्या पांढऱ्या लुंगीवर पडलेला तो गंजासारखा डाग शेवटपर्यंत तसाच राहिला. अम्मी म्हणायची, फरशी पुसायला द्या ती. अब्बांनी दिली नाही. बाहेर जाताना ते दुसरी नेसत, घरात मात्र तीच.

हा डाग कशाचा, हे सांगायचं तर आधी भंगारवाल्याबद्दल सांगायला हवं. बारामतीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एक भंगारवाला दर आठवड्याला हातगाडी घेऊन दुकानासमोर थांबायचा. जुने रेडिओ, टेप, मोडके टीव्ही मी त्याच्याकडून वजनावर घ्यायचो आणि त्यातले सुटे भाग काढून ठेवायचो. एकदा त्या ढिगात एक काळी, चपटी, टाईपरायटरच्या कळपट्टीसारखी वस्तू दिसली. वर डीबी स्पेक्ट्रम प्लस असं लिहिलेलं. मी हात लावला आणि भंगारवाल्याच्या लक्षात आलं, म्हणून वजनावर नाही, नगावर घ्यावी लागली.

स्पेक्ट्रम हा मूळचा विलायतेतल्या क्लाइव्ह सिंक्लेअरचा कॉम्प्युटर. १९८२ साली बाजारात आला. आत झेड-८० हा प्रोसेसर, ४८ किलोबाइट मेमरी, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेटचा टेप. त्याचीच पुढची आवृत्ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परवान्यावर आपल्या पुण्यात तयार झाली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ती काढली, म्हणून 'डीबी'. त्याच दशकात, १९८४ साली, सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. आम्ही इंदापूरच्या ज्या शाळेत होतो, तिथे कॉम्प्युटर हा शब्द सामान्यज्ञानाच्या पुस्तकातच भेटला. माझ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत कॉम्प्युटर तयार होतोय, हे मला तो बंद पडून भंगारात आल्यावर कळलं!

तो सुरू झाला. मेमरीच्या दोन चिपा बदलल्या, वीजपुरवठा नवा केला आणि टीव्हीवर सिंक्लेअरचं नाव आणि १९८२ हे साल उमटलं. पण कळांच्या खालचा प्लास्टिकचा पापुद्रा जागोजागी चिरलेला. तो चिकटवून अक्षरांच्या कळा चालू केल्या, बाणांच्या कळा मात्र कायमच्या गेल्या. बाण नाहीत म्हणजे खेळ नाहीत, आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीला त्यातला फक्त खेळ हवा होता. उपाय एकच होता. मागच्या बाजूला जोडायचं जॉयस्टिकचं कार्ड. ते बाजारात मिळत नव्हतं, तेव्हा घरी बनवायचं ठरलं.

आधी ते डॉट बोर्डावर, म्हणजे भोकाभोकांच्या तयार पट्टीवर, वायरी ओढून केलं. चाललं, पण जॉयस्टिक जरा जोरात हलवली की कार्ड हलायचं, वायर सुटायची आणि टीव्हीवर रंगीत चौकोनांचा कचरा व्हायचा. एखादी सर्किट चालते की नाही हे बघायला डॉट बोर्ड ठीक आहे. लेकराच्या हातात द्यायची वस्तू असेल तर तांब्याच्या रेषांचा छापील बोर्डच हवा.

छापील बोर्ड म्हणजे काय, ते आपल्याकडे टीव्ही उघडलेला पाहिलेल्या सगळ्यांना माहीत असतं, पण तो बनतो कसा ते सहसा माहीत नसतं. न वाहणाऱ्या पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चिकटवलेला असतो. थर साधारण ३५ मायक्रॉन, केसापेक्षाही बारीक. जिथून वीज जायची तिथे तांबं ठेवायचं, बाकीचं खाऊन टाकायचं. ठेवायच्या तांब्यावर काहीतरी झाकण घालायचं आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, झाकलेलं उरतं. सगळी करामत झाकणात आहे. आयटीआयला असताना, १९९२ साली, माझं झाकण होतं आपाची नेलपॉलिश. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात बोर्डाचे नकाशे खऱ्या मापाचे छापलेले असत. ते कार्बनने उतरवायचे आणि काडीने नेलपॉलिश ओढायची. पॉवर सप्लायसारख्या जाड रेषांना ते पुरतं. वीस पायांच्या चिपेला, जिथे दोन पायांत दशांश इंच अंतर, तिथे काडी फाटते, रेष फुगते, आणि आपाची बाटलीही संपते.

स्पेक्ट्रमच्या कार्डाला मी टोनरची रीत वापरली. लेझर प्रिंटरची शाई ही शाई नसते, प्लास्टिकची भुकटी असते. गुळगुळीत कागदावर नकाशा छापायचा, तो तांब्यावर उपडा ठेवायचा आणि वरून कडक इस्त्री दाबायची. भुकटी वितळून तांब्याला धरते. मग बोर्ड पाण्यात भिजवून कागद अंगठ्याने हळूहळू चोळून काढायचा. कागद कोणता हवा, यावर मी पुष्कळ वाया घालवला. शेवटी दिवाळी अंकातली जाहिरातीची रंगीत पानं सर्वांत चांगली निघाली. साहित्याच्या पानांचा मात्र या कामी काही उपयोग होत नाही. नकाशा दुकानातल्या जुन्या पेंटियमवर काढला होता. झेरॉक्सवाल्याने छापून देताना विचारलं, "कुठल्या गावचे रस्ते आहेत हे?"

त्या वर्षी लोडशेडिंग कडक होतं. दिवसा इस्त्री तापेपर्यंत लाईट जायची. म्हणून तरावीह झाली की मी घरी यायचो आणि सहरीपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर काम करायचो. चिंच आणि राखेने बोर्ड घासायचा, इस्त्री, पाणी, अंगठा. अब्बांना त्या वयात झोप कमी. ते बाजेवर बसून बघायचे. चिंच बघून मात्र ते बाजेवरून उठले.

आमचे अब्बा कल्हईवाले होते.

हे वाक्य लिहायला मला सोपं जात नाही. इंदापुरातून निघून निमगाव केतकी, बावडा, लासुर्णे, अंथुर्णे अशी त्यांची फेरी असायची. पाठीवर भाता, पिशवीत नवसागर आणि कथलाची कांडी. गावात लिंबाखाली खड्डा खणून भट्टी लावायची आणि हाळी द्यायची. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून सुट्टीत सोबत जायचो. मोठ्या हंड्यात वाळू आणि चिंध्या घालून मला आत उभं करायचे. मी पायांनी गोल गोल घुमायचो, म्हणजे हंडा आतून घासला जायचा. बायका हसायच्या. मग हंडा भट्टीवर, नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथलाचा एक स्पर्श, आणि अब्बांच्या हातातला कापसाचा बोळा एकदाच फिरायचा. काळपट तांबडं भांडं आतून चांदीचं व्हायचं. कल्हई नसलेल्या तांब्याच्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. लोकांच्या पोटात तांबं जाऊ नये, हा त्या धंद्याचा सगळा अर्थ. उजनीच्या पाण्यात फेरीतली काही जुनी गावं गेली, उरलेल्या गावांत स्टील आलं. बारामतीला माझ्याकडे राहायला येईपर्यंत अब्बांच्या कांडीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

आयटीआयला असताना एका दुपारी मित्रांबरोबर बारामतीच्या रस्त्याने चाललो होतो. समोरून ओळखीची हाळी आली. त्या भागात फिरायला अब्बा कधी येत नसत, त्या दिवशी आले होते. मी शेजारच्या चहाच्या हॉटेलात शिरलो आणि हाळी लांब जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसलो. वडील काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, भांड्यांचं दुकान आहे. पुढे २००६मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. पुण्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. वक्ते मुसलमानांतल्या पारंपरिक कारागिरांविषयी पोटतिडकीने बोलत होते. शेजारच्याने विचारलं, तुमच्या घरी कुणी होतं का कारागीर? मी म्हणालो, नाही, आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले.

तर अब्बा उठून ओट्याशी आले. मी नुकताच कागद चोळून काढला होता. तांब्यावर काळ्या रेषा, गोल, चौकोन उमटलेले. कोपऱ्यात मी ७८६ घातलं होतं. अब्बांनी चष्मा लावला, वाकले आणि म्हणाले, "ये सातसौ छियासी उल्टा क्यूं है रे?"

मी हबकलो. इस्त्रीने छाप उलटा पडतो हे मला माहीत होतं, म्हणून शहाणपणा करून मी नकाशा आधीच उलटा छापला होता. पण कॉम्प्युटर खालची बाजू वरून आरपार दिसल्यासारखी दाखवतो, म्हणजे ती मुळातच उलटी असते. दोनदा उलटं केल्यावर बोर्ड आरशातला झाला. चिपांचे सगळे पाय डावीचे उजवीकडे. अब्बांनी पाहिलं नसतं तर मी तो तसाच खोदून, भोकं पाडून, चिपा बसवून जाळल्या असत्या. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने अंकावरून चूक पकडली. मी टोनर थिनरने पुसला आणि दुसऱ्या रात्री नव्याने छापला.

खोदाईच्या रात्री अब्बा माझ्याआधी तयार होते. फेरिक क्लोराइडचे तपकिरी खडे पाण्यात टाकताना पाणी आपोआप गरम होतं. भांडं प्लास्टिकचंच लागतं, स्टील किंवा जर्मनची वाटी ते खातं. मी बोर्ड बुडवला आणि ट्रे हलवायला लागलो. थोड्या वेळाने अब्बा म्हणाले, दे इकडे. भाता ओढण्याची सवय असलेला हात. ना जोर, ना घाई, एकच लय. रेषांच्या मधलं तांबं आधी गुलाबी झालं, मग कडेने पिवळसर पत्रा दिसायला लागला. वीसेक मिनिटांत काम झालं. काढताना ट्रे कलंडला आणि लुंगीवर तो डाग पडला.

"ये पानी अब किधर फेंकता?" त्यांनी विचारलं. मी मोरीकडे बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "तांबा है इसमें. कऱ्हा में जायेगा." ज्याने आयुष्यभर लोकांच्या पोटात तांबं जाऊ दिलं नाही, त्याला हे सांगायला रसायनशास्त्र लागलं नाही. तेव्हापासून मी ते पाणी बाटलीत भरून पुन्हा पुन्हा वापरतो. निकामी झालं की धुण्याचा सोडा घालतो, गाळ खाली बसतो, तो वाळवून डब्यात बंद. मोरीत काहीही जात नाही. डबे साठलेत, ती वेगळी अडचण.

मग भोकं. चिपेच्या पायांना ०.८ मिलिमीटरचं बारीक ड्रिल, ते सरकतं आणि गोलाच्या बाहेर जातं. अब्बांच्या पेटीत भांड्यांवर नावं घालायचा पोगर होता. टिंब टिंब करून सासरचं-माहेरचं नाव घालायचा. त्याने प्रत्येक गोलाच्या मध्यावर त्यांनी एकेक टिंब दिला, हातोडीच्या नुसत्या वजनाने. ड्रिल कुठेही सरकलं नाही.

उघडं तांबं काळं पडतं, म्हणून रेषांवर कथील चढवावं लागतं. मी सोल्डरिंगने चढवत होतो, तर गाठी होत होत्या, दोन रेषा जोडल्या जात होत्या. अब्बांनी सोल्डरची तार हातात घेतली, वाकवली, नखाने कोरली.

"शिसा है?"

होय म्हणालो. सोल्डरमध्ये साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं मिसळलं की दोनशेच्या आतच. त्यांना आकडे माहीत नव्हते, पण हे माहीत होतं. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि भट्टीला कोळसाही कमी लागतो, म्हणून काही जण कांडीत शिसं मिसळायचे. भांडं तसंच चमकतं, खाणाऱ्याला विष. अब्बा अशा माणसांच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत.

"इसमें कोई खानेवाला नहीं ना?"

"नहीं अब्बा."

"फिर ठीक." त्यांनी इस्त्री मागितली. इस्त्री उलटी करून विटांच्या मध्ये बसवली, तळवा वर. त्यावर बोर्ड ठेवला, तांबं वरच्या अंगाला. तो तापल्यावर नवसागराची चिमूट सोडली, पांढरा धूर उठला, तार टेकवली आणि कापसाचा बोळा फिरवला. इतक्या वर्षांनी तोच वास आमच्या स्वयंपाकघरात. एकेक रेष चांदीची होत गेली, कुठेही गाठ नाही. बोर्डावरची नजर न काढता ते म्हणाले, "उस दिन तू हॉटेल में घुस्या, मैंने देख्या था."

मला काही बोलता आलं नाही.

"इस्त्री कम कर," ते म्हणाले, "पत्रा जलेगा." मी बटण फिरवलं. तेवढंच मला करता आलं. सहरीची वेळ होत आली होती. त्यांनी उठून शिसं लागलेले हात तीनदा धुतले.

कार्ड साधं होतं. ७४ एलएस ३२ ही एक चिप, ती पत्ता ओळखते. ७४ एलएस २४० ही दुसरी, जॉयस्टिकची खबर आत पोहोचवणारी. स्पेक्ट्रमच्या मागे बसेल असा अठ्ठावीस जोड्यांचा सॉकेट पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतही मिळाला नाही. शेवटी एका मोडक्या ३८६ कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉट उपसला. त्याच्या पायांचं अंतर नेमकं तेच. एकतीसपैकी तीन जोड्या करवतीने कापल्या. ईदच्या आदल्या रात्री कार्ड चाललं. मुलगी दोन दिवस टीव्हीसमोरून हलली नाही.

दोनेक महिन्यांनी ते बंद पडलं. उघडून पाहिलं तर रेषांच्या कडेने हिरवी बुरशी चढलेली. चूक नवसागराची, म्हणजे माझी, कारण मला ठाऊक असायला हवं होतं. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटतं, तेच तांब्यावरचा मळ खातं. भांडं पुढे धुतलं जातं, घासलं जातं. बोर्डावर तो चिपांखाली लपून राहतो आणि दमट हवेत गुपचूप खात बसतो. मी अब्बांना दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्यात काय वापरतात? मी राळ दाखवली. त्यांनी बोटांत चुरली, हुंगली, जिभेला लावली. "दूसरा बना," म्हणाले.

दुसरा बोर्ड पहिल्यापेक्षा चांगला झाला. या वेळी ७८६ पहिल्यांदाच सरळ. राळेवर त्यांचा बोळा दोन-तीनदा अडखळला, कारण राळ चिकट. मग हात बसला. तपासायला मी दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला. पत्ता क्रमांक ३१ वाचायचा आणि टीव्हीवर छापत राहायचं. जॉयस्टिक अब्बांच्या हातात दिली. काही न करता शून्य. उजवीकडे केल्यावर १, डावीकडे २, खाली ४, वर ८, बटण दाबल्यावर १६. ते एकेक करून बघत होते, तसबीह ओढावी तसे. मग दांडी कोपऱ्यात गेली आणि ९ आले.

"ये नऊ कहां से आया?"

मी म्हणालो, वर आणि उजवीकडे एकदम दाबलं ना, आठ आणि एक. कुठलीही दोन मिळवली तरी बेरीज वेगळी येते, म्हणून कॉम्प्युटरला कळतं. त्यांनी चारी कोपरे करून पाहिले. ९, १०, ५, ६. मान डोलावली. मग म्हणाले, हे मला आधी कुणी शिकवलं असतं तर गिऱ्हाइकाचा हिशेब सोपा झाला असता.

अब्बा २०१३ साली गेले. झेड-८० हा प्रोसेसर १९७६ पासून बनत होता, झायलॉग कंपनीने २०२४मध्ये त्याची शेवटची मागणी घेतली आणि तोही थांबला. मी सहा चिपा घेऊन ठेवल्यात. मुलगी आता इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. ती म्हणते, अब्बू, कशाला इस्त्री आणि विष घेऊन बसता? फाईल पाठवली की चीनमधून बोर्ड येतात, दोन्ही बाजूंनी रेषा, भोकांच्या आतूनसुद्धा तांबं, वर हिरवा रंग. तिचं खरं आहे. दोन्ही बाजूंचा बोर्ड घरी जुळवताना माझे अजून दोनातला एक वाया जातो. पण मनात रात्री आलेली जोडणी सकाळी हातात हवी असेल, आणि ती चुकीची आहे हे दुपारपर्यंत कळायला हवं असेल, तर पंधरा दिवस टपालाची वाट बघण्यात अर्थ नसतो. पहिला बोर्ड चुकतोच. तो घरी चुकलेला बरा.

मागच्या महिन्यात तिने त्याच जॉयस्टिकच्या कार्डाचा नकाशा नव्याने काढून मागवला. जुना बोर्ड समोर ठेवून रेषा मोजल्या. पोगराचे टिंब पाहून तिने विचारलं, ही भोकं इतकी मधोमध कशी? मी सांगितलं. हॉटेलचंही सांगितलं. ती काही बोलली नाही. नकाशाची माझ्याकडून एकदा तपासणी करून घेतली आणि फाईल पाठवली.

परवा पाच बोर्ड आले. कथील बिनशिशाचं आहे, पाकिटावर तसं छापलंय. एका कोपऱ्यात ७८६ आहे, सरळ. त्याच्या खाली बारीक अक्षरांत तिने अब्बांचं नाव घातलंय आणि पुढे लिहिलंय, कल्हईवाले, इंदापूर.